उष्णता न देता कपडे वाळवणारा ड्रायर: पाणी 'झटकून' टाकणारं अल्ट्रासॉनिक तंत्र नेमकं आहे काय?

जुलै महिना. बाहेर चार दिवस संततधार. घरात दाराच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधलेली, तिच्यावर शाळेचा युनिफॉर्म, टॉवेल, जीन्स. खुर्च्यांच्या पाठीवर मोजे. पंखा फुल स्पीडवर. तरीही सकाळी शर्ट हातात घेतला की कॉलर ओलीच, वर तो ओळखीचा कुबट वास. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या घरांना हे चित्र काही नवीन नाही.

अशा दिवसांत सोशल मीडियावर एक व्हिडिओ हमखास फिरतो. ओल्या कापडाचा तुकडा एका छोट्या चकतीवर ठेवला जातो, खालून पांढरं धुकं उडतं आणि काही सेकंदांत कापड कोरडं होतं. हीटर नाही, गरम हवा नाही. खाली कमेंट्स येतात, 'कुठे मिळेल?', 'लिंक द्या', 'फेक आहे'.

व्हिडिओतलं तंत्र फेक नाही. पण त्याची लिंकही कुणी देऊ शकणार नाही. असं का, ते पाहू.

आधी 'ड्रायर' या शब्दाचा घोळ सोडवू

आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशिनमधल्या दुसऱ्या, लहान टबला सर्रास 'ड्रायर' म्हणतात. 'कपडे ड्रायरला लाव' म्हणजे त्या टबात टाक. प्रत्यक्षात तो ड्रायर नसून स्पिनर आहे. तो कपडे जोरात गरागरा फिरवतो आणि पाणी टबाच्या भोकांमधून बाहेर फेकलं जातं. हाताने पिळण्याचंच काम, फक्त मोटरनं केलेलं. म्हणून तिथून निघालेले कपडे दमट असतात आणि पुन्हा दोरीवर घालावे लागतात.

अमेरिका-युरोपात ड्रायर म्हणतात ते यंत्र वेगळं. त्यात कपडे एका मोठ्या ड्रममध्ये घोळवले जातात आणि त्यांच्यावर गरम हवा सोडली जाते. पाण्याची वाफ होते, कपडे पूर्ण कोरडे होऊन घडी घालण्याच्या अवस्थेत बाहेर येतात.

हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. स्पिनर पाणी फेकतो, ड्रायर पाण्याची वाफ करतो. आणि अल्ट्रासॉनिक ड्रायर? नावानं तो ड्रायर असला, तरी स्वभावानं स्पिनरच्या जास्त जवळचा आहे.

दोनशे वर्षं एकच युक्ती

कपडे वाळवण्याच्या यंत्राचा इतिहास तसा लहान आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळवाणा. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या माणसानं हाताने फिरवायचा, भोकं असलेला एक पत्र्याचा ड्रम बनवला. त्यात ओले कपडे टाकायचे आणि तो आगीवर फिरवायचा. कपड्यांना धुराचा वास लागायचा, कधी ते करपायचे.

१८९२ मध्ये जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकी संशोधकानं पेटंट घेतलं. त्याच्या रचनेत उघड्या आगीऐवजी शेगडीची उष्णता वापरून चौकटीवर टांगलेले कपडे वाळवायचे होते. पुढे नॉर्थ डकोटामधल्या जे. रॉस मूर यांनी आपल्या आईला हाडं गोठवणाऱ्या थंडीत बाहेर कपडे वाळत घालावे लागू नयेत म्हणून घरामागच्या शेडमध्ये ड्रम आणि शेगडी जोडून प्रयोग सुरू केले. त्यातून विकसित झालेला ड्रायर विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं १९३८ मध्ये बाजारात आणला. नाव होतं 'जून डे', म्हणजे जून महिन्यातला दिवस. तिकडे जून म्हणजे लख्ख ऊन. आपल्याकडे हे नाव कुणी ड्रायरला दिलं असतं तर लोक हसले असते.

त्यानंतर बटणं, सेन्सर, टायमर असं बरंच काही बदललं, मूळ युक्ती मात्र तीच राहिली: ड्रम फिरवा, हवा तापवा, पाणी उडवा. अमेरिकेत वीजबचतीचं 'एनर्जी स्टार' लेबल फ्रिजला, वॉशिंग मशिनला कधीच मिळालं होतं. ड्रायरचा नंबर लागायला २०१४-१५ उजाडलं. तोपर्यंत बाजारातले बहुतेक ड्रायर जवळपास सारखीच वीज खात होते, त्यामुळे लेबल द्यायचं कुणाला हाच प्रश्न होता.

वीज नेमकी जाते कुठे?

दहावीच्या विज्ञानातला 'अप्रकट उष्मा' आठवतो? पाणी उकळताना तापमान वाढत नाही, तरी उष्णता खर्च होत राहते. द्रवाची वाफ करायला लागणारी ही ऊर्जा पाण्याच्या बाबतीत फार मोठी आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २४ लाख ज्यूल लागतात. विजेच्या बिलातला एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एक लिटर पाणी कपड्यांतून उडवायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट.

आता साधा हिशोब करू. कोरडे असताना चार किलो भरणारे कपडे धुतले, चांगल्या स्पीडनं स्पिन केले. तरी त्यांच्यात साधारण दोन किलो पाणी राहतं. ते वाफ करून उडवायचं तर किमान १.३ युनिटइतकी उष्णता हवीच. ही निसर्गाची फी आहे, कितीही महाग मशिन घेतलं तरी ती माफ होत नाही. शिवाय ड्रमचा पत्रा तापतो, कपडे तापतात, गरम हवा पाइपातून बाहेर जाते. त्यामुळे प्रत्यक्षात साध्या इलेक्ट्रिक ड्रायरला एवढ्या कपड्यांसाठी दोन-सव्वादोन युनिट लागतात.

हीट पंप ड्रायर यातून एक हुशार वाट काढतो. त्याचं काम फ्रिजसारखं चालतं. गरम दमट हवा बाहेर न टाकता तो ती थंड करून तिच्यातलं पाणी गाळून घेतो, आणि त्यातून सुटलेली उष्णता पुन्हा हवा तापवायला वापरतो. त्यामुळे वीज निम्म्यापर्यंत वाचते. पण वेळ जास्त लागतो, किंमतही जास्त. आणि पाण्याची वाफ करणं काही चुकत नाही.

मग प्रश्न असा उरतो की पाण्याची वाफ न करताच ते कपड्यातून काढता आलं तर?

उत्तर आहे 'झटकणं'

दोरीवर घालण्याआधी आपण कपडा दोन्ही हातांत धरून जोरात झटकतो. थेंब उडतात. ते थेंब वाफ झालेले नसतात, ते पाणीच असतं. झटक्यामुळे कापड अचानक थांबतं आणि पाणी मात्र पुढे निघून जातं. यात खर्च झाली ती फक्त हाताची ताकद.

अल्ट्रासॉनिक ड्रायर हेच करतो, फक्त सेकंदाला लाखाच्या घरात. आणि झटका इतका बारीक असतो की कापड जागचं हललेलं डोळ्यांना दिसतही नाही.

हे करणारा भाग म्हणजे पिझोइलेक्ट्रिक चकती. नाव अवघड असलं तरी वस्तू स्वयंपाकघरात आहे. गॅस पेटवायचा लायटर दाबला की 'टक' आवाज होऊन ठिणगी पडते, तो पिझोइलेक्ट्रिक परिणाम. विशिष्ट स्फटिकावर किंवा सिरॅमिकवर दाब दिला की त्यात विजेचा दाब तयार होतो. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये हे दाखवून दिलं. (पिएर म्हणजे पुढे मेरी क्युरी यांचे पती झाले तेच.) गंमत म्हणजे हा परिणाम उलटाही चालतो. त्याच पदार्थाला वीज दिली की तो किंचित फुगतो-आक्रसतो. वीज भरभर उलटसुलट केली की चकती थरथरू लागते.

हे थरथरणं सेकंदाला २० हजार वेळांपेक्षा जास्त झालं की माणसाच्या कानाला त्याचा आवाज येत नाही. त्यालाच श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे अल्ट्रासाउंड म्हणतात. सोनोग्राफीतही तोच असतो, फक्त त्याची कंपनसंख्या कितीतरी जास्त.

पाण्याचं धुकं करायला हे तंत्र आधीपासून वापरलं जातं. सुगंधी तेलाचे डिफ्यूझर, एसीच्या खोलीत ठेवायचे ह्युमिडिफायर, दमेकऱ्यांसाठीचे जाळीवाले छोटे नेब्युलायझर, सगळ्यांत अशीच चकती असते. डिफ्यूझरमधून निघणाऱ्या पांढऱ्या 'वाफे'वर हात धरला तर तो भाजत नाही, गार लागतो. कारण ती वाफ नसतेच. ते पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात.

मग त्याच चकतीवर पाण्याऐवजी ओलं कापड ठेवलं तर?

ओक रिजमधला प्रयोग

हा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळला गेला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत. ही प्रयोगशाळा १९४३ मध्ये अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पासाठी उभी राहिली. आज तिथे सुपरकॉम्प्युटरपासून इमारतींच्या वीजबचतीपर्यंत सगळ्यावर काम चालतं. कपड्यांचा ड्रायर या यादीत खाली वाटेल, पण अमेरिकेत बहुसंख्य घरांत ड्रायर आहे. त्यातली थोडी वीज वाचली तरी देशाच्या पातळीवर तो आकडा मोठा होतो.

अय्यूब मोमेन यांच्या नेतृत्वाखाली विरल पटेल आणि इतर संशोधकांनी हे काम केलं. पैसा अमेरिकी ऊर्जा खात्याचा, उद्योगातली भागीदार जीई अप्लायन्सेस. (ही कंपनी २०१६ मध्ये चीनच्या हायर समूहानं विकत घेतली. हायरचे फ्रिज आपल्याकडेही घरोघरी आहेत.) फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर या प्रक्रियेमागचं भौतिकशास्त्र तपासणारे शोधनिबंध २०१७ मध्ये 'एनर्जी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

रचना अशी: चकतीच्या मधोमध धातूची पातळ जाळी, तिला केसाहूनही बारीक छिद्रं. वर ओलं कापड टेकवायचं. वीज सुरू झाली की जाळी थरथरते, कापडाच्या धाग्यांमधलं पाणी छिद्रांकडे ओढलं जातं आणि खालच्या बाजूनं धुक्यासारखं उडून जातं. कापड वर, पाणी खाली. व्हिडिओत दिसतं ते हेच.

अशी एक चकती रुपयाच्या नाण्याएवढी. तिच्यावर रुमालाचा कोपरा वाळेल, चादर नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात अनेक चकत्या शेजारी शेजारी बसवलेला सपाट नमुना झाला, आणि त्यानंतर नेहमीच्या ड्रायरसारखा ड्रम, ज्याच्या भिंतीवर या चकत्या बसवलेल्या. कपडे घोळत असताना जो भाग भिंतीला टेकेल त्यातलं पाणी बाहेर फेकलं जाईल, अशी ही कल्पना.

प्रयोगशाळेचा दावा मोठा होता: नेहमीच्या ड्रायरच्या तुलनेत पाचपटीपर्यंत कमी ऊर्जा आणि जवळपास निम्मा वेळ. बातम्यांमध्ये आलेला 'फक्त २० मिनिटांत' हा आकडा इथूनच आला.

हा दावा पटण्यासारखा आहे का?

निदान भौतिकशास्त्राच्या बाजूनं तरी आहे.

पाण्याचे बारीक थेंब करायचे म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग वाढवायचा. त्याला पृष्ठताणाविरुद्ध थोडी ऊर्जा लागते. समजा, एक किलो पाण्याचे पाच मायक्रॉन व्यासाचे थेंब केले. एवढ्याशा पाण्याचा एकूण पृष्ठभाग सुमारे १,२०० चौरस मीटर होतो, म्हणजे दहा-बारा मोठ्या फ्लॅट्सएवढा. ऐकायला प्रचंड वाटतं. पण तो तयार करायला लागणारी ऊर्जा शंभर ज्यूलसुद्धा भरत नाही. तेच एक किलो पाणी वाफ करायला २४ लाख ज्यूल.

मग बचत हजारोपट का नाही, फक्त पाचपट का? कारण हिशोब कागदावरचा आहे आणि कापड कागदावर राहत नाही. पाणी धाग्यांच्या बारीक फटींत घट्ट धरलेलं असतं, तिथून ते सोडवावं लागतं. चकतीला दिलेल्या विजेचा बराच भाग उष्णतेत जातो. वीज इतक्या वेगानं उलटसुलट करणारं सर्किट स्वतः काही ऊर्जा खातं. हे सगळं धरूनही पाचपट कमी म्हणजे चार किलो कपड्यांना सव्वादोन युनिटऐवजी अर्ध्या युनिटच्याही आत.

गाडी अडते कुठे?

दहा वर्षं होत आली, तरी हा ड्रायर घरगुती दुकानात आलेला नाही. यामागे कुणाचं कारस्थान वगैरे नाही, तसं सांगणारे फॉरवर्ड आले तर दुर्लक्ष करा. अडचणी साध्या आहेत, पण चिवट आहेत.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे शेवटचं पाणी. कापडातलं पाणी दोन प्रकारचं असतं. एक धाग्यांच्या मधल्या जागेत मोकळं साठलेलं, दुसरं धाग्याच्या आत मुरलेलं. कापूस तर पाणी पिऊनच घेतो. मोकळं पाणी थरथरवून पटकन बाहेर काढता येतं, मुरलेलं नाही. म्हणून सुरुवातीला धुकं भसाभस उडतं, मग वेग एकदम मंदावतो. शेवटचा ओलावा जातो तो चकती स्वतः तापल्यामुळे, म्हणजे पुन्हा जुन्या पद्धतीनं, वाफ होऊन. व्हायरल व्हिडिओत सुरुवातीचा सुसाट टप्पाच जास्त उठून दिसतो. सिंथेटिक कापडाला हा त्रास कमी, जाड सुती टॉवेलला जास्त. आणि पावसाळ्यात आपल्याला छळतात ते टॉवेल आणि जीन्सच.

दुसरी, स्पर्श. चकतीला कापड नीट टेकलं तरच काम होतं, मध्ये हवेची पातळ फट राहिली की बहुतेक कंपनं वायाच जातात. गरम हवा शर्टाच्या खिशात, पँटच्या दुहेरी शिवणीत, साडीच्या घड्यांत आपसूक शिरते. कंपनं तशी शिरत नाहीत. ड्रममध्ये कपडे घोळताना गोळा होतात, मधले कपडे भिंतीला लागतच नाहीत. त्यात बटणं, चेन, हुक. एखाद्या ब्लाउजचा हुक पातळ जाळीवर आपटला तर काय होईल, याचा विचार यंत्र बनवणाऱ्याला करावाच लागतो.

तिसरी अडचण खर्चाची. गरम ड्रायरमध्ये एक हीटर, एक मोटर, एक पंखा. स्वस्त, दणकट, कुठल्याही मेकॅनिकला कळणारं. इथे मोठ्या संख्येनं चकत्या आणि त्यांना चालवणारं इलेक्ट्रॉनिक्स. त्यातल्या काही चकत्या बंद पडल्या तर तेवढ्या जागेवर कपडे ओलेच राहणार.

याशिवाय क्षारांचा प्रश्न आहे. पाणी बाहेर जाताना त्यात विरघळलेले क्षार आणि साबणाचा अंशही सोबत घेऊन जातं. कपड्यांसाठी ही चांगलीच गोष्ट, कारण दोरीवर वाळवताना पाणी उडून जातं आणि क्षार कापडातच राहतात. टॉवेल कडक होतो तो त्यामुळेही. पण जाळीच्या सूक्ष्म छिद्रांतून तेच पाणी जाणार. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत गिझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांत काय साठतं, ते सगळ्यांना माहीत आहे. जाळीवाला नेब्युलायझरही वेळोवेळी साफ करावा लागतो, नाहीतर तो धुकं देणं बंद करतो. मराठवाड्यातल्या जड पाण्यात असा ड्रायर टिकायचा तर चकत्या धुण्याची काहीतरी सोय लागेल.

आणि ते धुकं? ते घरातच सोडलं तर भिंती ओल्या. ते एका बाजूला गोळा करून पाणी म्हणून बाहेर काढावं लागतं. ही अडचण मात्र सुटण्यासारखी आहे.

कुबट वासाचं काय?

पावसाळ्यात कपड्यांना येणारा वास हा ओलाव्याचा नसतो, जिवाणूंचा असतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये या वासामागचा एक मुख्य जिवाणू ओळखला, त्याचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. धुतल्यानंतरही तो कपड्यात तग धरतो, आणि कपडा बराच वेळ ओला राहिला की वाढतो आणि वासाचं आम्ल सोडतो. म्हणजे कपडा किती लवकर वाळतो याला महत्त्व आहे. मुंबईत जुलैमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. हवेनंच इतकं पाणी धरलेलं असताना ती कपड्यातलं आणखी कुठून घेणार? अल्ट्रासॉनिक तंत्राला या दमट हवेची फारशी पर्वा नाही, कारण मोकळं पाणी काढायला ते हवेवर अवलंबूनच नाही. आपल्या किनारपट्टीसाठी खरी आकर्षक बाब ही आहे, वीजबचतीहूनही जास्त.

पण थंड पद्धतीची दुसरी बाजूही आहे. गरम ड्रायर किंवा कडक ऊन जिवाणूंना काही प्रमाणात मारतं. नुसतं पाणी काढून टाकल्यानं ते मरतीलच असं नाही, फक्त त्यांची वाढ थांबते. तान्ह्या बाळाचे कपडे, आजारी माणसाची चादर यांना गरम पाणी, इस्त्री किंवा ऊन लागेलच.

उलट कापडाच्या आयुष्याला हे तंत्र मानवतं. ड्रायरच्या गाळणीत साठणारा करड्या रंगाचा पिंजलेला कापूस म्हणजे तुमच्याच कपड्यांचे झिजलेले धागे. उष्णतेनं लवचीक कपड्यांचं इलॅस्टिक सैल होतं, सुती कपडे आटतात, रंग लवकर उतरतात. शिवाय तो पिंजलेला कापूस भुरकन पेट घेतो. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीनुसार २००८ ते २०१० या काळात तिथल्या घरांत दरवर्षी सुमारे २,९०० आगी ड्रायरमुळे लागल्या, आणि ड्रायर साफ न करणं हे त्यातलं सर्वांत मोठं कारण होतं. हीटरच नसेल तर हा धोका बराच कमी होतो.

मग ऑनलाइन 'अल्ट्रासॉनिक ड्रायर' म्हणून दिसतं ते?

खोक्यावरचे वॅट बघा. घडीची कापडी पिशवी, वर छोटं मशिन आणि ८०० ते १,२०० वॅटचा आकडा असेल तर तो हीटर आणि पंखा आहे, नाव काहीही असो. तो वाईट असतो असं नाही, चार शर्ट वाळवेल. पण ते तंत्र पोशाँच्या ड्रमच्या घराण्यातलं आहे. बादलीत टाकायच्या 'अल्ट्रासॉनिक' गोळ्या किंवा चकत्या कपडे धुण्यासाठी म्हणून विकल्या जातात, वाळवण्याशी त्यांचा संबंध नाही.

'वॉशर-ड्रायर' घेणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: वाफ थंड करायला हे मशिन नळाचं पाणी वापरतं का? अशी अनेक मॉडेल्स कपडे वाळवतानाही पाणी खर्च करतात. ज्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो तिथे हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि धुण्याची क्षमता आठ किलो लिहिली असेल तर वाळवण्याची बहुधा त्याहून कमी असते. तो आकडा बारीक अक्षरांत असतो.

यापैकी काहीच घ्यायचं नसेल, तर घरातल्याच मशिनचा स्पिन स्पीड वाढवून पाहा. साधारण ८०० फेऱ्यांवर कपड्यांत त्यांच्या वजनाच्या ६५-७० टक्के पाणी राहतं, १,४०० फेऱ्यांवर ५० टक्क्यांच्या आसपास. चार किलो कपड्यांत हा फरक अर्ध्या लिटरहून जास्त भरतो. तेवढं पाणी हवेत उडायला लागणारा वेळ वाचतो आणि त्याला लागणारी वीज किरकोळ असते. कारण तेच, फेकणं हे वाफ करण्यापेक्षा नेहमीच स्वस्त. नाजूक कपडे आणि रेशमी साड्या मात्र यातून वगळा.

पुढे काय?

मोमेन यांनी पुढे ओक रिजजवळच्या नॉक्सव्हिल शहरात अल्ट्रासॉनिक वाळवणीवर स्वतःची कंपनी काढली. तिचा भर घरगुती ड्रायरपेक्षा कारखान्यांवर आहे, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. कारखान्यात कापड सपाट, एकसारखं, सलग पट्ट्यात येतं. त्याला ना खिसे असतात, ना हुक, ना दुहेरी शिवण. ते चकत्यांना नीट टेकून पुढे सरकवता येतं, मोकळं पाणी थरथरवून काढायचं आणि शेवटचा ओलावा गरम हवेनं. घरातल्या ड्रमला जे जमत नाही ते तिथे सोपं होतं.

इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर या आपल्या कापडाच्या गावांमध्ये प्रोसेसिंग युनिटमध्ये रंगवलेलं कापड आजही मोठ्या गरम यंत्रांतून वाळवलं जातं आणि तिथला इंधनाचा खर्च हा धंद्याचा मोठा भाग असतो. त्यामुळे हे तंत्र आपल्याकडे कधी पोहोचलंच, तर ते बाल्कनीतल्या दोरीच्या जागी येण्याआधी अशा एखाद्या शेडमध्ये दिसण्याची शक्यता जास्त.